सेलेस्ट: पळणाऱ्यांनी विकत घ्यावा असा डोंगर

प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा व्हिडिओ गेम, पळण्याजोगा (घड्याळ लावून वेगाने संपवण्याजोगा, म्हणजे ‘स्पीडरन’साठीचा) आहे की नाही, हे पहिल्यांदा मरताना कळतं. काट्यावर पडलात, पडदा काळा झाला, मग ‘पुन्हा प्रयत्न करा’ची पाटी, मग लोडिंग, आणि शेवटी पातळीच्या अगदी सुरुवातीला उभे. असा गेम एकदा गोष्टीसाठी खेळावा आणि ठेवून द्यावा. ‘सेलेस्ट’मध्ये काटा लागल्यापासून पुन्हा उभं राहीपर्यंत जेमतेम सेकंद जातो, आणि उभे राहता ते त्याच खोलीच्या दारात. खोली बहुधा एका पडद्याएवढी, मोठी असली तर दोन-तीन पडद्यांची. एकच अडलेली उडी मिनिटभरात दहा-पंधरा वेळा करून पाहता येते. घड्याळ लावून खेळायची चटक लागते ती इथून. चूक आणि दुरुस्ती यांच्यामध्ये रागवायलासुद्धा वेळ उरत नाही.

हा गेम २५ जानेवारी २०१८ रोजी आला. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी त्याआधी पिको-८ या छोट्या काल्पनिक कन्सोलवर चार दिवसांत एक लहानसा खेळ रचला होता. मोठा सेलेस्ट त्याच बियाण्याचा. मॅडलिन नावाची मुलगी एक डोंगर चढायला निघते, वाटेत तिची गाठ तिच्याच भीतीशी पडते. लीना रेनचं संगीत त्या चढणीबरोबर बदलत जातं. २०१८ च्या द गेम अवॉर्ड्समध्ये याला सर्वोत्कृष्ट स्वतंत्र गेमचा मान मिळाला, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ‘फेअरवेल’ हा नववा अध्याय फुकट देण्यात आला. कथा मनापासून लिहिलेली आहे आणि पहिल्या खेपेला ती न गाळता वाचावी. इथे मात्र परीक्षण पळण्याच्या बाजूने आहे: वेगाने खेळण्यासाठी हा गेम कसा आहे, काय लागतं, कुठे अडतं.

बटणं तीनच. उडी, डॅश, पकड. डॅश, म्हणजे एका दिशेने घेतलेली झेप, आठ दिशांना मारता येतो, हवेत एकदाच (शेवटाकडे दोनदा), आणि जमिनीला पाय लागला की परत भरतो. मॅडलिनचे केस लाल असतील तर डॅश शिल्लक, निळे झाले तर संपला. म्हणजे कोपऱ्यात कुठला आकडा बघावा लागत नाही, नजर मॅडलिनवरच राहते. पकडीला दम लागतो. एकूण दम ११० एकक. नुसतं भिंतीला लटकलात तर सेकंदाला १० खर्च होतात, म्हणजे ११ सेकंद टिकता. वर चढू लागलात तर सेकंदाला ४५ च्या आसपास, म्हणजे अडीच सेकंदांच्या आत संपतो. भिंत धरून सरळ वर मारलेली एक उडी २७.५ खाते, चार उड्यांत खेळ खलास. दम संपत आला की मॅडलिन लाल लुकलुकू लागते. हे आकडे अंदाजाचे नाहीत. निर्मात्यांनी मॅडलिनच्या हालचालीचा कोडच लोकांसाठी खुला केला आहे.

त्याच कोडमधला वेगाचा हिशोब बघा, म्हणजे या गेमात पळण्याला एवढा वाव का आहे ते समजेल. साधं धावणं सेकंदाला ९० पिक्सेल. पूर्ण पडदा ३२० पिक्सेल रुंद, म्हणजे सपाट जमिनीवर तो पार करायला साडेतीन सेकंद. डॅशचा वेग २४०, पण तो फक्त ०.१५ सेकंद टिकतो. जमिनीवर आडवा डॅश मारून तो चालू असतानाच उडी मारली तर वेग २६० होतो. याला सुपर म्हणतात. तिरका-खाली डॅश मारून उडी मारली तर ३२५, हा हायपर. धावण्याच्या साडेतीन पटींहून जास्त वेग, आणि तोसुद्धा गेमने सुरुवातीलाच हातात दिलेल्या त्याच तीन बटणांतून. शेवटाकडे मिळणारा दुसरा डॅश सोडला तर नवं हत्यार मिळत नाही. वाढतो तो खेळणाऱ्याचा हात. पहिल्यांदा खेळणाऱ्याला पहिल्या अध्यायाला वीस-पंचवीस मिनिटं सहज लागतात, मुरलेले धावपटू तोच अध्याय एका मिनिटाच्या आत संपवतात. शिखरापर्यंतचा सगळा डोंगर, सात अध्याय, पहिल्या खेपेला आठ-दहा तासांचा असतो. तो अर्ध्या तासाच्या आत चढणारे लोक आहेत.

या वेगाखाली एक औदार्य दडलेलं आहे, आणि आमच्या मते सेलेस्टची सगळी ताकद तिथे आहे. कड्यावरून पाय सुटल्यावरही ०.१ सेकंद उडी लागते. जमिनीला टेकण्याच्या ०.०८ सेकंद आधी बटण दाबलंत तर गेम ते लक्षात ठेवतो आणि टेकताक्षणी उडी देतो. वर उडताना छताच्या कोपऱ्याला डोकं चार पिक्सेलपर्यंत घासलं तर गेम गुपचूप मॅडलिनला बाजूला सरकवून वर जाऊ देतो. भिंतीला चिकटलेलं असण्याची गरज नाही. तीन पिक्सेल लांबूनही भिंतउडी लागते. उडीच्या माथ्यावर बटण दाबून धरलंत तर गुरुत्व अर्धं होतं, म्हणजे कुठे उतरायचं ते ठरवायला क्षणभर जास्त मिळतो. जमिनीतून वर आलेले काटे तुम्ही खाली येत असाल तरच मारतात. वर जात असताना त्यांच्या टोकांतून निसटता येतं.

नवख्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला एवढंच वाटतं की गेम आपलं ऐकतो. धावपटू मात्र हीच सवलत वेगात बदलून घेतो. कड्याचं टोक येईपर्यंत थांबून उडी मारण्याऐवजी तो टोकाच्या पलीकडे जाऊन उडी मारतो, तेवढे पिक्सेल फुकट. कोपऱ्याच्या चार पिक्सेलांवर विसंबून तो जिथे वळसा हवा तिथे सरळ जातो. शिक्षा कडक असलेल्या गेममध्ये धावपटू जपून खेळायला लागतो. इथे धाडस केल्याचा मोबदला मिळतो आणि फसल्याचा खर्च एक सेकंद.

आता जे तंत्र शिकल्याशिवाय वेग येत नाही ते: वेव्हडॅश. छोटी उडी मारा. हवेत असताना खाली आणि पुढे या दोन दिशा एकत्र धरून डॅश दाबा. मॅडलिन तिरकी खाली येऊन जमिनीवर घसरते. ती घसरत असतानाच उडी दाबा. वेग ३२५ लागतो, शिवाय जमिनीला टेकल्यामुळे डॅश परत भरलेला असतो. म्हणजे पुन्हा तेच करायला मोकळे. ऐकायला सोपं आहे. चुकतं ते असं.

पहिली चूक दिशेची. खाली आणि पुढे एकाच वेळी नोंदले गेले नाहीत तर डॅश आडवा जातो आणि हवेतच संपतो. कीबोर्ड स्वस्तातला असेल किंवा कंट्रोलरची काडी झिजलेली असेल तर ही चूक तुमची नसतेच, त्याबद्दल पुढे. दुसरी चूक उंचीची. तिरका डॅश पूर्ण चालला तर खाली साधारण २५ पिक्सेल येतो, म्हणजे ८ पिक्सेलच्या तीन टाइल. त्याहून वरून मारलात तर जमीन यायच्या आत डॅश संपतो. तिसरी चूक घाईची, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. डॅश सुरू झाल्यापासून ०.१ सेकंद गेल्याशिवाय तो परत भरत नाही. जमिनीला अगदी लागून डॅश मारला आणि टेकताक्षणी उडी दाबली तर वेग मिळतो, केस मात्र निळेच राहतात, आणि पुढच्या खड्ड्यावर डॅश दाबल्यावर काहीच होत नाही. केसांचा रंग बघा: उडीनंतर निळे दिसले तर उडी जराशी उशिरा दाबायची आहे. चौथी चूक त्याच्या उलट. फार थांबलात तर डॅश संपून साधी उडी लागते आणि वेग हातचा जातो. या दोन टोकांमधली फट अवघ्या काही फ्रेमची आहे. गेम सेकंदाला ६० फ्रेम चालतो, म्हणजे एक फ्रेम सतरा मिलिसेकंदांची. डोळ्याने ही फट पकडता येत नाही, ती बोटांच्या लयीत बसवावी लागते. सपाट जागा शोधून उजवीकडे दहा आणि डावीकडे वीस असा रियाज ठेवा. बहुतेकांची डावी बाजू कच्ची असते.

वेव्हडॅश पक्का झाला की अल्ट्रा. आधीच वेगात असताना पुन्हा तिरका-खाली डॅश मारून जमिनीला टेकलात तर गेम तो आडवा वेग १.२ ने गुणतो. ३२५ चे ३९० होतात. खो-खोत खांबाशी वळणारा चांगला धावपटू वेग मोडत नाही, वेग नुसता वळवतो. अल्ट्राची गंमत त्याच जातीची आहे. पण सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत याच्या मागे लागू नये. एकही अल्ट्रा न मारता तासाभराच्या आतली धाव होते.

तंत्राच्या पलीकडे मार्ग असतो, आणि तो मुंबईच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. दादरला पश्चिमेवरून मध्य रेल्वेवर जाणारा माणूस अंधेरीलाच डबा बघून उभा राहतो, कारण कुठल्या दारातून उतरलं की पुलाचा जिना समोर येतो ते त्याला पाठ असतं. गाडीचा वेग त्याच्या हातात नाही, उतरल्यावरची दोन मिनिटं आहेत. सेलेस्टमधलं उत्तम उदाहरण तिसऱ्या अध्यायातलं. जुन्या हॉटेलात तीन प्रकारचा पसारा आवरायचा असतो, टॉवेल, पुस्तकं आणि पेट्या, आणि कुठला आधी हे गेम ठरवून देत नाही. मधल्या दालनातून तिन्हीकडे वाटा फुटतात, एक पसारा आवरला की आतली रचना बदलते. कुठल्या क्रमाने गेल्यास परतीचं अंतर कमी, यावर धावपटूंनी मनापासून डोकं घातलेलं आहे. हा क्रम स्वतः एकदा काढून बघा, मग दुसऱ्यांच्या धावा बघा. आधी बघितलंत तर उत्तर मिळेल, प्रश्न कळणार नाही.

प्रकार बरेच आहेत. ‘एनी पर्सेंट’मध्ये फक्त शिखर गाठायचं, वाटेत काही उचललं नाही तरी चालतं. लाल स्ट्रॉबेऱ्यांच्या प्रकारात १७५ च्या १७५ गोळा करायच्या, आणि तिथे मार्गाचा विचार एकदम वेगळा होतो, कारण स्ट्रॉबेरी हातात आली तरी सुरक्षित जमिनीवर पाय टेकेपर्यंत ती मोजली जात नाही. नवख्याने एनी पर्सेंटपासूनच सुरुवात करावी.

घड्याळाची मांडणी. सेटिंगमध्ये ‘स्पीडरन क्लॉक’ आहे, त्यात अध्यायापुरतं किंवा पूर्ण फाइलचं घड्याळ निवडता येतं. सरावाला अध्यायाचं, खऱ्या धावेला फाइलचं. सेव्ह फाइल तीन असतात: एक गोष्टीसाठी ठेवा, एक सरावाची, तिसरी प्रत्येक धावेपूर्वी पुसून नवी करायची. या कामात घाईत चुकीची फाइल पुसली जाते, म्हणून फाइलला नाव द्यायची सोय आहे ती वापरा. संवाद गाळायला पॉज करून ‘स्किप कटसीन’ निवडावं लागतं, आणि ही बटणांची साखळीसुद्धा धावेचा भाग आहे. पूर्ण धावेत ती बऱ्याच वेळा करावी लागते, प्रत्येक वेळी अर्धा सेकंद गेला तर हिशोब तुम्हीच करा. अध्यायवार वेळ टिपायला विंडोजवर लाइव्हस्प्लिट हे मोफत साधन आहे. सेलेस्टसाठी त्यात अध्याय संपताच वेळ आपोआप नोंदवण्याची सोय मिळते, हात खेळातून काढावा लागत नाही.

सरावात अडलेली खोली हळू करून पाहायची असेल तर असिस्ट मोड आहे. त्यात गेमचा वेग ५० टक्क्यांपर्यंत खाली आणता येतो. ७० टक्क्यांवर दहा वेळा नीट जमली की ८०, मग ९०, मग पूर्ण. हा मोड कमकुवतांसाठी असल्याची एक समजूत आहे, ती चुकीची आहे. तबल्याचा कायदा आधी विलंबितच बसवतात. फक्त तो धावेच्या फाइलवर चालू करू नका, कारण फाइलवर तशी खूण राहते. पीसीवर एव्हरेस्ट हा मॉड लोडर (चाहत्यांनी केलेल्या जोडण्या गेममध्ये बसवणारं साधन) आणि त्यातलं स्पीडरन टूल घेतलं तर खोलीच्या मध्यातच स्थिती साठवून परत तिथून सुरू करता येतं. सरावाचा वेळ यामुळे खूप वाचतो.

आणि एक सल्ला, ज्यावर आमचं ठाम मत आहे: पहिल्या चुकीला रिसेट करू नका, म्हणजे धाव सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका. एका मृत्यूची किंमत एक सेकंद अधिक खोलीतला घालवलेला वेळ, बस. सतत रिसेट करणाऱ्यांचा पहिला अध्याय लखलखीत होतो आणि सातव्याला हात थरथरतो, कारण तिथवर ते पोचलेलेच नसतात. सातव्या अध्यायाच्या शेवटच्या टप्प्यात ३० पासून १ पर्यंत उलट मोजणारे झेंडे आहेत. घड्याळ चालू असताना त्यांच्यामधून जाणं हा वेगळाच अनुभव आहे, आणि तो घेतल्याशिवाय सरावाला अर्थ येत नाही. पहिली पूर्ण धाव दीड-दोन तासांची झाली तरी ती पूर्ण करा.

साहित्याचं बघू. हा गेम जुन्या लॅपटॉपवर चालतो: २ जीबी रॅम, सव्वा जीबीच्या आसपास जागा, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. चित्र मुळात ३२० गुणिले १८० पिक्सेलचं, सहापट केलं की बरोबर १९२० गुणिले १०८०, त्यामुळे फुल एचडी पडद्यावर प्रत्येक पिक्सेल सारखा चौकोनी दिसतो. ६० हर्ट्झचा पडदा पुरे. गेमिंगच्या नावाने विकला जाणारा १४४ हर्ट्झचा पडदा फक्त यासाठी घेऊ नका, गेम ६० फ्रेमवरच बांधलेला आहे. सेटिंगमधला व्ही-सिंक (चित्र पडद्याच्या गतीशी जुळवणारा पर्याय) बंद करून बघा. पडद्यावरचं चित्र थोडं फाटल्यासारखं दिसेल, पण बटण आणि उडी यांच्यातली दिरंगाई कमी होते. टीव्हीला जोडणार असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू केल्याशिवाय वेव्हडॅश शिकायला बसूच नका. चित्र सुधारण्याची प्रक्रिया चालू असलेला टीव्ही काही फ्रेम उशिरा दाखवतो आणि सगळी लय बिघडते. ब्लूटूथ हेडफोनवर आवाज उशिरा येतो, तारेचे बरे.

कीबोर्डचा प्रश्न सगळ्यात मोठा. मूळ मांडणीत बाणांवर दिशा, सी वर उडी, एक्स वर डॅश, झेड वर पकड. स्वस्त कीबोर्डमध्ये ठरावीक तीन-चार बटणं एकत्र दाबली तर एक नोंदलंच जात नाही, कारण आतल्या तारा सामायिक असतात. लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठेही घेताना दुकानातच तपासा: नोटपॅड उघडा, वरचा आणि डावा बाण दाबून ठेवा आणि झेड, एक्स, सी एकेक दाबा. तिन्ही अक्षरं उमटली पाहिजेत. मग खाली-उजवा धरून तेच. एखादं अक्षर गायब झालं तर तो कीबोर्ड कितीही चमकत असला तरी परत ठेवा. घरी असलेला कीबोर्ड असा निघाला तर नवा घेण्याआधी बटणांची मांडणी बदलून बघा. उडी आणि डॅश दुसऱ्या ओळीत नेले की बऱ्याचदा अडचण सुटते. मेकॅनिकल कीबोर्ड हाताला सुरेख लागतो, पण निळ्या स्विचचा खटखटाट रात्री एका खोलीत झोपलेल्या घराला सोसवत नाही. लाल स्विच किंवा साधा मेंब्रेन निवडा.

कंट्रोलर असेल तर दिशांसाठी काडीपेक्षा डी-पॅड (अधिकच्या चिन्हासारखं दिशांचं बटण) बरा, कारण आठच दिशा हव्या आहेत आणि काडी तिरक्याच्या जवळपास गोंधळ करते. मात्र डी-पॅडचा तिरका कोन नीट लागतो का ते दुकानात अंगठा फिरवून बघा. पकडीला खांद्यावरचं बटण ठेवा. पकड सतत दाबून धरल्याने बोट दुखतं, म्हणून सेटिंगमध्ये पकडीची पद्धत बदलण्याची सोय आहे: एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. डोळ्यांना लखलखाट सोसत नसेल तर प्रकाशझोत बंद करण्याचा पर्यायही आहे, पडद्याचं हादरणंही बंद करता येतं. धावपटू बहुधा ते बंदच ठेवतात, नजर स्थिर राहते.

जून ते सप्टेंबर अंगठ्याला घाम येतो आणि डी-पॅडवरून बोट निसटतं. सुती रुमाल मांडीवर ठेवा, पंखा हातावर येईल असं बसा. दमट हवेत आतल्या रबरी चकत्या चिकटू लागल्या की दिशा दाबलेलीच राहते. दोन-तीन महिन्यांतून एकदा उघडून कोरड्या मऊ कापडाने पुसाव्यात. हातात धरायच्या यंत्रावर लोकलमध्ये खेळायचं असेल तर सरावाच्या खोल्या खेळा, धाव नको. रूळ बदलताना बसणारा धक्का नेमका वेव्हडॅशच्या फटीत येतो.

उणिवा आहेत आणि त्या स्पष्ट सांगायला हव्यात. गेममध्ये वेळेची जागतिक यादी नाही, स्वतःच्या जुन्या धावेची सावली सोबत पळवण्याची सोय मूळ गेममध्ये नाही. धावणाऱ्यांसाठी एवढं केल्यावर हे राहून गेलं याची खंत वाटते. पाचव्या अध्यायातल्या अंधाऱ्या देवळाच्या वाटा पहिल्या खेपेला भूलभुलैया वाटतात आणि गती तुटते. चौथ्यातला वारा डॅशचं अंतर बदलतो, तिथे आधी शिकलेली मापं उपयोगी पडत नाहीत. काहींना यातच मजा येते, आम्हाला तो अध्याय धावेत सगळ्यात कमी आवडतो. फेअरवेलची कठीणता एकदम वर जाते. वेव्हडॅश शिकवणारी छान स्लाइडांची मालिका गेमने तिथे, नवव्या अध्यायात ठेवली आहे. ती खूप आधी यायला हवी होती. भाषांच्या यादीत मराठी नाही, हिंदीही नाही. इंग्रजी वाचता न येणाऱ्या लहान मुलाला पळता येईल, कथा कळणार नाही. अँड्रॉइडवर हा अधिकृतपणे मिळत नाही, तेव्हा मोबाइलवर त्या नावाने काही दिसलं तर पैसे देऊ नका.

शेजारी ठेवून बघावेत असे दोन-तीन. ‘सुपर मीट बॉय’ ऑक्टोबर २०१० मधला. खोली जिंकल्यावर तुमचे आधीचे सगळे मेलेले प्रयत्न एकदम पळताना दाखवतो, ते दृश्य अजूनही कुणाला जमलेलं नाही. पण त्यात पात्र निसरडं आहे आणि सवलत कमी. ‘एन प्लस प्लस’मध्ये ९० सेकंदांचं घड्याळ उलट चालतं आणि सोन्याचा प्रत्येक तुकडा दोन सेकंद वाढवून देतो, वळसा घ्यावा की सरळ जावं हा प्रश्न तिथे सतत समोर असतो. २०२२ चा ‘निऑन व्हाइट’ डोळ्यांतून बघत पळण्याचा आहे, त्यात पदकं आणि मित्रांच्या वेळा आतच दिसतात, सेलेस्टमध्ये जे नाही ते सगळं. ज्याला यादीत वर चढायची ओढ आहे त्याने तो घ्यावा. ज्याला हाताची सफाई हवी आहे त्याने सेलेस्ट.

किंमत स्टीम या ऑनलाइन गेमदुकानात रुपयांत दिसते आणि उन्हाळी-हिवाळी सेलमध्ये बरीच उतरते, तेव्हा घाई नसेल तर थांबा. निन्टेंडोच्या यंत्रासाठी घेणार असाल तर यंत्र आयात केलेलं आहे का आणि हमी कोण देणार, हे बिलावर लिहून घ्या.

पैसे देण्याआधी पारख करायची असेल तर पिको-८ वरचा मूळ छोटा सेलेस्ट ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतो. बाणांवर दिशा, झेड किंवा सी वर उडी, एक्स वर डॅश. पकड नाही, दम नाही, ३० पडदे आणि प्रत्येक पडद्याच्या सुरुवातीला आतापर्यंतचा वेळ. एका संध्याकाळी तो शिखरापर्यंत न्या आणि शेवटी दिसणारा आकडा कागदावर लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी तो आकडा कमी करायला परत बसलात, तर मोठा डोंगर विकत घ्या.